बंपरकाका

गाडीचा रंग सगळेच बघतात. कंपनीने ज्याला रंगच दिलेला नाही तो भाग बघणारा एक माणूस मात्र प्रत्येक सोसायटीच्या पार्किंगमध्ये असतो. बंपर, आरशांची टोपणं, दारांची हँडल, बाजूची बीडिंग, वायपरखालची जाळी, चाकांभोवतीचं क्लॅडिंग, असं सगळं काळं प्लास्टिक त्याच्या अखत्यारीत येतं. आमच्याकडे त्याला बंपरकाका म्हणतात. तुमच्याकडे आणखी काही म्हणत असतील, पण रविवारी सकाळी साडेसातला खाली उतरून बघा. बाह्यांची बनियन, अर्धी विजार, गळ्यात चष्म्याची दोरी आणि हातात जुना टूथब्रश, एवढ्या खुणांवर तो सापडेल. ब्रश मुळात दातांचाच, पण बंपरच्या खरखरीत दाण्यांत अडकलेली माती काढण्याच्या कामावर त्याला बढती मिळालेली असते.

बंपरकाका माणसाला ओळखतात ते त्याच्या गाडीवरून, आणि गाडीला ओळखतात ते तिच्या वायपरखालच्या पट्टीवरून. नवा भाडेकरू सामानाच्या टेम्पोमागे गाडी लावून उतरला, की "नमस्कार, कुठले आपण?" वगैरे नंतर. आधी काका त्या पट्टीवरून अंगठा फिरवतात आणि राखाडी झालेला अंगठा त्याच्यासमोर धरतात. "ऑफिसात शेड नाही वाटतं?" भाडेकरू गोंधळून नाही म्हणतो. "दिसतंच आहे. ही पट्टी आडवी, डोक्यावर ऊन, वर काचेची धग. पहिली हीच जाते. मग आरसे. बंपर सगळ्यात शेवटी." घरात अजून गॅस जोडायचा असतो, पण त्या गृहस्थाला आपल्या गाडीचं उरलेलं आयुष्य समजलेलं असतं.

काकांची स्वतःची गाडी म्हणजे मारुती ८००. बिनएसीची, पांढरी, काळ्या बंपरची. पहिल्या मारुती ८००ची किल्ली १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली आणि जानेवारी २०१४मध्ये तिचं उत्पादन थांबलं, या दोन्ही तारखा काका घरातल्या तिथींबरोबर सांगतात. त्याआधीच्या फियाट आणि अँबॅसडरला लोखंडाचे, क्रोमचा मुलामा दिलेले बंपर असत. ते गंजत, पण पांढरे पडत नसत. मारुतीबरोबर प्लास्टिक आलं आणि प्लास्टिकबरोबर वर्णव्यवस्था आली. बंपर गाडीच्या रंगाचा असेल तर मॉडेल वरचं, काळा असेल तर खालचं. लग्नाच्या कार्यालयासमोर गाडी थांबली की आत बसलेल्यांकडे बघण्याआधी लोकांची नजर बंपरकडे जायची. आमच्या बी विंगमधल्या एकाने जावई बघायला येणार म्हणून गल्लीतल्या पेंटरकडून काळा बंपर लाल करून घेतला होता. या प्लास्टिकवर खास प्रायमर मारल्याशिवाय रंग धरत नाही, हे पेंटरला ठाऊक नव्हतं किंवा परवडलं नव्हतं. जावई पसंत पडला, साखरपुडा झाला आणि लग्नापर्यंत बंपरची सालं निघाली. काका आजही ती गोष्ट सांगताना जावयाचं नाव विसरतात, प्रायमरचं नाही.

स्वतःच्या काळ्या बंपरची त्यांना कधीच लाज वाटली नाही. उलट अभिमान. त्याचं कारण त्यांच्या नोकरीत आहे. काका पाणीपुरवठ्याच्या सरकारी खात्यात कनिष्ठ अभियंता होते आणि त्यांचं निम्मं आयुष्य काळ्या प्लास्टिकच्या पायपांची थप्पी तपासण्यात गेलं. पाण्याच्या एचडीपीई पायपात अडीच टक्क्यांच्या आसपास काजळी घालावी लागते, तसं आयएस ४९८४ या मानकातच लिहिलेलं आहे. ती काजळी शोभेची नाही. उन्हातले अतिनील किरण ती स्वतः पिते आणि प्लास्टिकला वाचवते. "गच्चीवरची टाकी काळी का असते?" असं ते कोणत्याही लहान मुलाला अडवून विचारतात. मूल "मळते म्हणून" असं म्हणालं की काका त्याच्या आईकडे अशा नजरेने बघतात की ती माउली पुढच्या वर्षीची शाळा बदलायचा विचार करू लागते.

पण काजळी घालूनही बंपर पांढरा पडतोच. का पडतो, हे काका एका मग्यात दाखवतात. पांढुरक्या बंपरवर पाणी मारायचं. बंपर क्षणात काळाभोर. बघणारा खूश. दोन मिनिटं थांबायचं. पाणी वाळलं की पुन्हा राखाडी. "आता सांगा, काळेपणा गेला कुठं होता?" मग खुलासा येतो. ऊन वरच्या जेमतेम केसाएवढ्या थरातल्या साखळ्या तोडतं, पृष्ठभाग सूक्ष्म भेगांनी खडबडीत होतो, आणि त्यावर प्रकाश इकडेतिकडे विखुरला की डोळ्याला पांढरं दिसतं. पाणी त्या भेगा भरून काढतं म्हणून काळं. शाळेतली दगडी पाटी ओल्या फडक्याने पुसली की काळी आणि वाळली की करडी व्हायची, तेच इथे. आत काळं शाबूत आहे. "म्हणजे तेल, पॉलिश, ग्लिसरीन, काय वाटेल ते चोळा, तुम्ही फक्त भेगा भरताय. पाणी दोन मिनिटांत उडतं, तेल दोन आठवड्यांत. फरक एवढाच."

हे ज्ञान त्यांना सुखासुखी मिळालेलं नाही, काकूंच्या स्वयंपाकघरातून मिळालं आहे. प्रथम खोबरेल झालं. ऑक्टोबरभर बंपर असा तकाकत होता की लोक वळून बघत. डिसेंबरच्या एका पहाटे पारा उतरला आणि बंपरच्या प्रत्येक खाचेत खोबरेल थिजलं. काकूंनी गॅलरीतून खाली बघितलं. त्यांची स्वतःची बाटली त्याच वेळी उन्हाची वाट बघत कठड्यावर उभी होती. "अहो, त्यालाही उन्हात ठेवा म्हणजे पातळ होईल," असं त्या म्हणाल्या. बंपर उन्हात ठेवा! संपूर्ण वैवाहिक आयुष्यात काकांना इतकं घायाळ कुणी केलं नव्हतं.

नंतर अमेरिकेतल्या मुलाने फोनवर सांगितलं की तिकडे लोक काळ्या प्लास्टिकला पीनट बटर चोळतात. काकू म्हणाल्या, "का, तिकडे पाव संपलेत?" मुलाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. बॉडीला पॉलिश करताना मेण बंपरच्या दाण्यांत जातं, वाळून पांढरे डाग पडतात आणि शेंगदाण्यातल्या तेलाने ते सुटतात. काकांनी पीनट बटरचा भाव ऐकून घाण्याचं शेंगतेल लावलं. डाग गेले. त्या रात्री आवारातल्या कुत्र्याने पुढचा बंपर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाटला आणि दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी रांग लावली. राहिलेल्या तेलावर रस्त्याची धूळ बसून जो लेप तयार झाला, तो काढताना त्या टूथब्रशाची पहिली पिढी खर्ची पडली.

काळं बूटपॉलिश झालं, पण ते गाडीपेक्षा काकांच्या पँटवर जास्त टिकलं. गाड्या धुणारा पोऱ्या डिझेलचा बोळा फिरवायचा. त्यालाही तासभर चमक येते, पण ते दिसल्याबरोबर काका जिन्यावरून धावत खाली येत आणि त्याला पॉलिमरचं शास्त्र सांगत. पोऱ्या शांतपणे ऐकून घेई आणि शेजारच्या गाडीला तोच बोळा फिरवी.

तिसऱ्या मजल्यावरच्या आयटीवाल्याचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं. त्याने हीट गन मागवली. गरम हवेचा झोत मारला की पांढरं प्लास्टिक डोळ्यांदेखत काळं होतं, हे त्याने कुठेतरी पाहिलं होतं. काकांनी समजावलं की काळं होतं हे खरं, कारण वरचा थर वितळून भेगा मिटतात. पण हे प्लास्टिक साधारण १६० अंशांच्या पुढे वितळायला लागतं आणि या यंत्राच्या तोंडाशी हवा ५०० अंशांपर्यंत जाते. शिवाय उन्हाने खाल्लेलं संरक्षक द्रव्य झोताने परत येत नाही, चार महिन्यांत पुन्हा पांढरं. मुलगा म्हणाला, "काका, मी टेक्निकल माणूस आहे." पहिले दोन हात छान झाले. लोक जमले. त्यातल्या कुणीतरी फोटो काढला. मग मुलाला मीटिंगचा फोन आला, तो एका हाताने "येस, येस" म्हणू लागला आणि दुसरा हात एकाच जागी थांबला. बंपरचा डावा कोपरा आधी गुळगुळीत झाला, मग चकचकीत, मग खाली आला. काका काही बोलले नाहीत. फक्त त्या कोपऱ्याखाली त्यांनी वीट लावली. वीट काढायची हिंमत त्या मुलाला दोन दिवस झाली नाही.

या सगळ्यावरचा रामबाण उपाय काकांकडे आहे. अमेरिकेतल्या मुलाने पाठवलेली सिरॅमिक कोटिंगची अंगठ्याएवढी बाटली. ती गोदरेजच्या कपाटात, काकूंच्या पाटल्यांच्या शेजारी असते. आधी बंपर साबणाने धुवायचा, मग तेलाचा अंश जाईपर्यंत आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचा. गाडी सावलीत, प्लास्टिक गार. मग फोमच्या तुकड्यावर चार थेंब, आडवा हात, उभा हात, लगेच मायक्रोफायबरने जास्तीचं टिपून घ्यायचं, आणि पूर्ण दिवस पाणी लागू द्यायचं नाही. एवढं केलं की वर्ष-दोन वर्षं बघायला नको. हे सगळं ते मला तोंडपाठ म्हणून दाखवतात. बाटली मात्र अजून फोडलेली नाही. योग्य दिवस मिळत नाही. कधी दमट असतं, कधी धूळ असते, कधी वरचे लोक झाडांना पाणी घालतात.

तरीही त्यांच्या ८००चा बंपर बघण्याजोगा काळा आहे. याचं श्रेय काका सावलीला देतात. आमचं पार्किंग खांबांवरच्या इमारतीखालचं आहे. दक्षिणायनात सूर्य कलला की दक्षिणेच्या कडेने ऊन आत शिरतं आणि काकांच्या गाडीच्या ढोपरापर्यंत येतं. म्हणून दिवाळीपासून गाडीचं तोंड दक्षिणेला आणि नाताळापासून शेपूट दक्षिणेला, असा त्यांनी न्याय केला आहे. दोन्ही बंपरना सारखं ऊन. काकूंचं निदान साधं आहे. "बंपर काळा राहतो कारण ही गाडी कुठे जातच नाही. मंडईत न्या म्हटलं तर म्हणतात, तिथे ऊन असतं." मे महिन्यात नागपूरला भाचीचं लग्न होतं, तिथे काका रेल्वेने गेले. ४५ अंशांत मेहुण्याची गाडी अंगणात उभी बघून त्यांना अक्षता टाकायचंही सुचेना, असं काकू सांगतात.

पंधरा वर्षांनी गाडीचं पुन्हा पासिंग करायची वेळ आली तेव्हा काकांनी आठवडाभर तयारी केली. निरीक्षकाने दिवे पाहिले, ब्रेक पाहिले, चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने छाप घेतला आणि कागदावर सही केली. काका तिथेच उभे. "साहेब, बंपर?" साहेब म्हणाले, "आहे ना?" काका आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत.

पण काळ फिरला. डस्टर २०१२मध्ये आली, क्विड २०१५मध्ये, पंच २०२१मध्ये, आणि चाकांभोवती, दारांच्या तळाशी, पुढे, मागे, सगळीकडे बिनरंगाचं काळं प्लास्टिक आलं. खडे उडाले तरी ओरखडा दिसत नाही, आणि गाडी दणकट वाटते, म्हणून लोक टॉप मॉडेलसाठी जादा पैसे मोजून तेच घेऊ लागले. काका पार्किंगमध्ये हिंडताना एकेका एसयूव्हीपाशी थांबतात आणि मंद हसतात. पंधरा लाखांच्या गाड्यांना आता त्यांच्या बंपरचं कापड लागतं. त्यांचे पेशंटही वाढले. रात्री दहाला जेवण आटोपून लोक दारावर येतात आणि हळू आवाजात विचारतात, "काका, जरा कडेने पांढरं दिसतंय, काय लावू?"

गेल्या पाडव्याला सेक्रेटरींनी नवी एसयूव्ही आणली. पूजेला सगळी सोसायटी जमली. गुरुजी आले, आणि पाहतात तो गाडीच्या काळ्या भागाला चहूबाजूंनी निळी मास्किंग टेप लावलेली. काका उकिडवे बसून शेवटची पट्टी दाबत होते.

"हे काय?" सेक्रेटरी.

"हळद. या दाण्यांत एकदा शिरली की पाच वर्षं निघत नाही. कुंकू त्याहून वाईट. गुरुजी, स्वस्तिक काचेवर काढा. आणि नारळ तिकडे खांबापाशी. पाणी उडायला नको."

सेक्रेटरींचा चेहरा उतरला. त्यांच्या सौभाग्यवतींनी ताम्हन खाली ठेवलं. आता शास्त्रार्थ होणार म्हणून आम्ही सरसावलो. गुरुजींनी टेपकडे बघितलं, काकांकडे बघितलं, उपरणं खांद्यावर नीट केलं आणि काकांना जरा बाजूला घेतलं.

"माझ्या स्कूटरची पाय ठेवायची जागा पार भस्म लावल्यासारखी झालीय हो. बाहेर फाटकाशीच आहे."

काका टूथब्रश घेऊन निघाले. मागोमाग गुरुजी. मुहूर्त नऊ वाजून चाळीस मिनिटांचा होता आणि सेक्रेटरी घड्याळ वर करून ओरडत होते.

"मुहूर्ताचं मी बघतो!" गुरुजींनी फाटकातूनच सांगितलं. "काका, मगा हवा का पाण्याचा?"