ताम्हन, निरांजन, मंगळसूत्र

अकरावीतल्या मुलांना 'वन एस टू, टू एस टू, टू पी सिक्स' पाढ्यांच्या चालीवर घडाघडा येतं. एसमध्ये दोन इलेक्ट्रॉन, पीमध्ये सहा, डीमध्ये दहा, एफमध्ये चौदा. भरण्याचा क्रमही ठरलेला. सर फळ्यावर तिरके बाण मारून तो पक्का करून घेतात. त्यात एक गंमत आहे. ३डी उपकवच मोकळं असताना ४एसवाले आधी जागा धरतात. आणि लोखंडाच्या अणूतून दोन इलेक्ट्रॉन कमी करायची वेळ आली, की उठतातही तेच आधी. लग्नातल्या व्याही मंडळींसारखे: पहिल्या पंगतीला बसायला पुढे, हात धुवायलाही पुढे.

क्रोमियमपाशी पहिली कुरबूर होते, पण खरा बंडखोर २९व्या क्रमांकावरचं तांबं. नियमाने ४एसमध्ये दोन आणि ३डीमध्ये नऊ हवेत. तांबं एसमधला एक उचलून डीत टाकतं आणि दहाचा कोटा पुरा करतं. 'पूर्ण भरलेलं उपकवच जास्त स्थिर' हे गाइडातलं उत्तर मला नेहमी वेळ मारून नेल्यासारखं वाटतं. या दोन पातळ्यांच्या ऊर्जेत इथे फरकच एवढा थोडा, की इलेक्ट्रॉनांच्या आपापसांतल्या रेटारेटीवरही पारडं फिरतं.

आवर्तसारणीत तांब्याच्या खालच्या घरात चांदी, तिच्याखाली सोनं. दोघांनाही हीच खोड. एसमध्ये उरलेला तो एकटा इलेक्ट्रॉन धातूभर उंडारतो, म्हणून वीज वाहून नेण्यात हेच तिघे सगळ्यांच्या पुढे. आणि नेमके हेच तिघे आपल्या घरात मानाने नांदतात.

चिंचेने घासलेलं ताम्हन उन्हात धरून पाहा. डीतले इलेक्ट्रॉन वर उडी मारण्यासाठी हिरवा-निळा प्रकाश गिळतात आणि तांबूस तेवढा परत करतात. चांदीत ही उडी फार उंच. तिला अतिनील किरणच लागतात, म्हणून निरांजन पांढरंशुभ्र. मग सोनंही पांढरंच असायला हवं होतं. पण त्याच्या केंद्रात ७९ प्रोटॉन. त्या ओढीने आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाने पळतात. तिथे आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद लागू होतो, ६एस आकसून खाली येतं, ५डी थोडं वर सरकतं, उडी ठेंगणी होते. निळा प्रकाश गिळला जातो, उरतो तो पिवळा. सराफाच्या बिलात घडणावळ असते, जीएसटी असतो. आइन्स्टाइनचं नाव कुठेच नाही.

याच रांगेत सोन्याखाली १११वं मूलद्रव्य, राँटजेनियम. १९९४ साली जर्मनीत डार्मस्टाटला ते प्रथम तयार केलं. गणित सांगतं, की हा गडी नियम पाळणारा निघेल: डीत नऊ, एसमध्ये दोन. पडताळायला सवड कुणाला? त्याचे अणू मोजके, आणि फार तर काही मिनिटांचे सोबती.