एस.टी. गेल्यावर गणित

लहानपणी मी वेळापत्रकं फार सुंदर करत असे. स्केचपेनच्या चौकटी, गणिताला लाल, इतिहासाला निळा, आणि पहाटे पाच ते सहा पाठांतर. कागद भिंतीवर खळीने चिकटवला की अर्धा अभ्यास झाल्यासारखं वाटे. उरलेल्या अर्ध्यासाठी मी निवांत झोपून जाई. पुढे त्या कागदामागे पालीने संसार थाटला. तिच्या पहाटेच्या वेळा मात्र काटेकोर होत्या.

मागे एकदा टोकावड्याला एका ओळखीच्या घरी उतरलो. बाहेर माळशेजकडे चढणारा रस्ता, आत कुडाच्या भिंतीवर जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू. त्यावर पाचवीतल्या मुलीने पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘एस.टी. गेल्यावर गणित. गुरं आल्यावर इंग्रजी. भात शिजेपर्यंत कविता.’ खाली, जरा दाबून: ‘भागाकार येत नाही. परत.’ मी खवचटपणे विचारलं, “आणि एस.टी. आलीच नाही तर?” “मग मराठी जास्त होतं, काका.” आवणीच्या दिवसांत कागद बदलतो, हेही तिने सांगितलं. बाईंनी वर्गात एवढंच म्हटलं होतं, की आपापलं लिहा, आणि अडलं तेही लिहा. बाई ते शनिवारी वाचतात. लाल पेन लावत नाहीत.

मला कोसबाड आठवलं. ते आता पालघर जिल्ह्यात गेलं, पण तेव्हा टोकावड्यासारखंच ठाणे जिल्ह्यात होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं, 1957 साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली, नावही कुरणशाळा. म्हशींना रविवार नसतो, हे शिक्षणखात्याआधी या दोघींना कळलं असावं. गुरांचा हिशेब तर इकडे जुनाच: टोकावड्याच्या पलीकडे नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांनी दान दिलेल्या गाईंचे आकडे दोन हजार वर्षांपासून दगडात कोरलेले आहेत. एवढ्या गाई ब्राह्मणांत वाटताना कुणाचा तरी भागाकार अडलाच असेल. पण दगडावर ‘परत’ लिहिण्याचा मोठेपणा राजांकडे कुठून असणार!

दिवाळीनंतर पुन्हा गेलो. भागाकारावर रेघ मारलेली होती. खाली नवी ओळ होती: ‘अपूर्णांक. परत.’