स्वयंपाकघराच्या दारातून दिसणारा टीव्ही

स्लाऊ, इंग्लंड
७ डिसेंबर २०२५

ती. मामा आणि ती. आत्याबाई यांस


परवा फोनवर मामांनी विचारलं, "टीव्ही घेतला म्हणे, किती इंची?" मी पंचावन्न म्हणाले आणि तेवढ्यात रेंज गेली. बाकीची हकीकत म्हणून पत्राने कळवते. तसंही फोनवर तुमचे चिरंजीव मला वाक्य पुरं करू देत नाहीत. इथे त्यांचा इलाज नाही.

तुम्ही दोघं एप्रिलमध्ये सहा महिन्यांच्या व्हिसावर येणार, म्हणून हा सगळा घाट. आमचा जुना टीव्ही फक्त समोर बसणाऱ्याला दिसायचा. हातभर कडेला सरकलं की बातम्या देणारी बाई आजारी वाटायची आणि आणखी सरकलं की तिला सलाइन लावायची वेळ यायची. समोरची जागा एकच. ती कुणाची, हे तुम्हाला सांगायला नको.

आमच्या हॉलचाही दोष आहे. इथली घरं एकमेकांना चिकटून, एका ओळीत. हॉल अरुंद आणि लांबुळका. भिंतीच्या बरोबर मधे शेकोटी; ती कधीच बुजवलेली, पण तिचं धुराडं भिंतीतून पुढे आलेलं. टीव्हीला उरतो बाजूचा कोनाडा. सोफा एका अंगाला, जेवायचं टेबल दुसऱ्या अंगाला आणि स्वयंपाकघराचं दार पार तिरपं. बरेच लोक शेकोटीच्या वर टीव्ही टांगतात. हेही तेच म्हणत होते. मी म्हटलं, आत्याबाई खाली बसून मेथी निवडणार. त्यांनी काय आभाळाकडे बघत निवडायची? शिवाय टीव्ही वर टांगला की खालून बघणाऱ्यालाही रंग तसेच विटलेले दिसतात. कोन कडेचाच असतो असं नाही, खालचाही असतो. शेकोटी वाचली.

मग ह्यांनी तुमच्या नातवाच्या कंपासपेटीतलं कोनमापक घेतलं आणि दोरा लावून सगळ्या जागा मोजल्या. सोफ्याची ह्यांची बाजू दहा अंश. मामांसाठी योजलेली आरामखुर्ची पस्तीस. माझं दार साठाच्या पुढे. कागदावर आकडे मांडून म्हणाले, "मुख्य प्रेक्षकाचा विचार केला तर कुठलाही चालेल." मी विचारलं, मुख्य प्रेक्षक कोण? त्यावर त्यांनी दोरा गुंडाळायला घेतला.

मामा, तुम्हाला यातलं तंत्र एका वाक्यात समजेल. उसाच्या फडाच्या टोकाला उभं राहून नीट सरीतून बघितलं तर पार पलीकडचा बांध दिसतो. दोन पावलं बाजूला झालं की पाल्याशिवाय काही नाही. बाजारातल्या बऱ्याच टीव्हींचं असंच आहे. पडद्याच्या मागे दिवे असतात आणि पुढे द्रवस्फटिकांचा थर, जो कुठे उजेड सोडतो, कुठे अडवतो. त्यातल्या एका जातीला व्हीए म्हणतात. त्यात हे स्फटिक काचेला काटकोनात उभे असतात. समोरून काळा रंग अगदी काजळासारखा, पण तिरक्या नजरेला उजेड नको तिथून निसटलेला दिसतो आणि काळ्याचा करडा होतो. दुसरी जात आयपीएस. त्यात स्फटिक आडवे असतात आणि काचेच्या पातळीतच वळतात, त्यामुळे कडेने रंग टिकतात. पण समोरून बघणाऱ्याला काळा तितका काळा मिळत नाही. म्हणजे एकाचं सुख वाढवलं की दुसऱ्याचं कमी. एकत्र कुटुंबात नांदलेल्या बाईला हे पटकन कळतं.

आता गंमत ऐका. खोक्यावर जात सहसा लिहिलेलीच नसते. एकाच मॉडेलचा लहान टीव्ही एका जातीचा आणि मोठा दुसऱ्या जातीचा, असंही असतं. लिहिलेलं काय असतं, तर "पाहण्याचा कोन १७८ अंश". हा आकडा जवळपास सगळ्यांचाच. हे खूश झाले. मी म्हटलं, पुरे १८० म्हणजे भिंतीला गाल लावून बघणं. तिथून कुणाला काय दिसणार आहे? मग शोधलं तेव्हा कळलं, की पांढऱ्या आणि काळ्या रंगातला फरक दहापटीपर्यंत घसरेस्तोवर चित्र "दिसतं" असं धरायची पद्धत आहे. समोरून हाच फरक चांगल्या व्हीएमध्ये तीन हजार पटींच्या वर असतो! म्हणजे १७८ अंशांवर टीव्ही चालू आहे एवढं कळतं. मालिकेतली सासू कोण आणि सून कोण, ते आवाजावरून ओळखायचं.

दुकानात तर सगळेच टीव्ही सुंदर. दिवे लखलखीत, पडद्यावर मासे आणि फुलं, रंग पार भडक करून ठेवलेले. माशाचा रंग बिघडला तर कुणाला कळतंय? मी विक्रेत्याला म्हटलं, माणसांचे चेहरे असलेलं काही लावा, त्यातही अंधारातलं. त्याने बिचाऱ्याने लावलं. मग मी एकेका टीव्हीच्या कडेला जाऊन, हातात तवा असल्यासारखी उभी राहिले, मान वळवून. हे दुसऱ्या रांगेत जाऊन वॉशिंग मशिनच्या किमती वाचत होते. आमचं लग्न झालंय हे दुकानात कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून.

शेवटी घेतला तो ओएलईडी. त्यात मागे दिवेच नसतात, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो आणि विझायचं तेव्हा पूर्ण विझतो. त्यामुळे दारातूनही नट्यांच्या साड्यांचा खरा रंग दिसतो. याचं मूळ काम कोडॅक कंपनीत चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक या दोघांनी केलं आणि १९८७ साली छापलं. कॅमेऱ्याच्या रिळांची ती कोडॅक! तिला त्यातून फार काही मिळालं नाही, आमची भाजी मात्र करपायची थांबली.

१९८७ वरून आठवलं. आत्याबाई, तुम्हीच सांगितलं होतं, त्या जानेवारीत रामायण सुरू झालं तेव्हा ओसरीपासून रस्त्यापर्यंत माणसं बसायची आणि तुम्ही माजघराच्या उंबऱ्यातून, एक डोळा भाकरीवर ठेवून बघायच्या. तिथूनही राम रामच दिसायचा. त्या जुन्या डब्यात काचेला आतून लावलेली पूडच चमकायची आणि तिचा उजेड चहूकडे जायचा. पुढे टीव्ही भिंतीएवढे सपाट झाले आणि उंबऱ्यातल्या बायका हिशेबातून गेल्या. ही सुधारणा करणाऱ्यांच्या घरी स्वयंपाक कोण करत होतं, हे विचारायला हवं.

अगदी पहिला टीव्ही तर याहून वाईट. इथे लंडनमध्येच, सोहोतल्या फ्रिथ स्ट्रीटवरच्या एका माडीवर, जॉन लोगी बेअर्डने २६ जानेवारी १९२६ ला रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सुमारे चाळीस सभासदांना चालतं चित्र दाखवलं. चित्र तळहातापेक्षा लहान, अवघ्या तीस रेघांचं. खोली एवढीशी, की मंडळींना थोडी थोडी करून आत सोडावी लागली. २०२६ च्या प्रजासत्ताकदिनी त्याला शंभर वर्षं पुरी होतात. तिथे आता खाली कॉफीचं दुकान आहे. मामा आले की नेऊ, पण चहा मागू नका.

आणि हो, इथे टीव्हीला अजून लायसन लागतं! आपल्याकडे पूर्वी पोस्टात पैसे भरायचे, तसंच. थेट कार्यक्रम बघायचे तर २०२५ साली रंगीत टीव्हीला वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स, कृष्णधवल असेल तर ५८ पौंड ५० पेन्स. दृष्टी अगदीच अधू असेल तर निम्मी सूट. हे म्हणाले, "जुना टीव्ही तुझ्या दारातून बघितला असता तर कृष्णधवलचंच लायसन पुरलं असतं." वर्षातून एखादा विनोद जमतो त्यांना.

आता तुम्ही गावी, बावड्याला, घ्याल त्या टीव्हीचं. आमचं बघून ओएलईडी घेऊ नका. मामा दिवसभर बातम्या लावतात. त्या वाहिनीचा शिक्का आणि खालची लाल पट्टी जागची हलत नाही, आणि ओएलईडीवर अशा गोष्टींचा कायमचा डाग उमटायची भीती असते. शिवाय ओसरीचं दार सताड उघडं, दुपारचं ऊन थेट पडद्यावर. त्याला भरपूर उजेडाचा, कडेने नीट दिसणारा आयपीएसच बरा. अंधारात तो जरा करडा दिसतो, पण बावड्यात अंधार होतो तो लाइट गेल्यावर. तेव्हा टीव्हीही बंदच! इकडे डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, म्हणून आम्हाला काळ्या रंगाची एवढी काळजी. आषाढात तुकोबांची पालखी बावड्यावरून सराटीकडे जाते तेव्हा आपल्या ओसरीत वारकरी कुठेकुठे टेकलेले असतात, जिन्यावरसुद्धा. त्यांना काय कोनमापकाने बसवणार आहात?

तेव्हा अकलूजला जा नाहीतर इंदापूरला, पण आत्याबाईंना बरोबर न्या. दुकानदार खुर्ची देईल, ती मामांनी घ्यावी. आत्याबाईंनी कडेला जाऊन खाली फरशीवर बसावं आणि तिथून चेहरे बघावेत. दुकानदार "ताई, समोर या" म्हणेल. हलू नका.

येताना कांदा-लसूण मसाला दोन किलो आणा. मेथी इथे मिळते, निवडायला जुनं वर्तमानपत्र मात्र मिळत नाही. बॅगेत वस्तू गुंडाळाल त्या त्यातच गुंडाळा.

तुमची सून

ता. क. ह्यांनी पत्र वाचलं. त्यांचं म्हणणं, त्यांची बाजू आलेली नाही. म्हणून खालची ओळ त्यांच्या हातची:

दादा, साष्टांग नमस्कार. पंचावन्न इंच मी सुचवले होते.