वायर कुठे खोचलीय?

घरी थिएटर करायचं ठरलं तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, ग्राफिक्स कार्ड हवंच. नाहीतर फोर-के टीव्हीवर सिनेमा ढकलत ढकलत बघशील." लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराने त्यावर कडी केली. "साहेब, प्रोसेसरमधलं ग्राफिक्स म्हणजे फुकटात आलेलं. एवढा टीव्ही घेतलात आणि त्याला फुकटातलं लावणार?" 'फुकट' हा शब्द चारचौघांत, मोठ्याने उच्चारला गेला की मराठी माणूस मुकाट्याने पाकीट काढतो.

कार्ड आलं. तीन पंख्यांचं, रंगीत दिव्यांचं. त्याला पुरेल असा पॉवर सप्लाय आला, दोघांना पोटात घेणारं काचेचं कॅबिनेट आलं. ते मावेना म्हणून टीव्हीखालचं फर्निचर बदललं आणि फर्निचरसाठी देव्हारा दीड फूट सरकला.

पण चित्र काय दिसायचं! आई म्हणाली, "पैठणीचा काठ बघ रे, कार्डामुळे जर न् जर दिसतेय." शेजारचे काका भिंतीत खिळा ठोकायलाही माणूस बोलावतात, तेही काचेतून पंखे न्याहाळत म्हणाले, "डेडिकेटेडची सर इंटिग्रेटेडला नाही." आठ महिने आम्ही कार्डाला ओवाळत होतो.

दिवाळीत भाचा गेम घेऊन आला. गेम अडखळायला लागला. मोबाइलची बॅटरी लावून तो कॅबिनेटमागे शिरला आणि केसांत जळमटं घेऊन बाहेर आला. "मामा, टीव्हीची वायर मदरबोर्डात खोचलीय. कार्डाच्या पोर्टवरची टोपणंसुद्धा काढलेली नाहीत." दुकानातल्या पोराने बायोसमध्ये दोन्ही ग्राफिक्स चालू ठेवली होती, म्हणून इतके दिवस पत्ता लागला नाही.

म्हणजे पैठणी फुकटातल्यानेच दाखवली होती!

यात चमत्कार काही नाही. गेममध्ये चित्र दर क्षणी नव्याने रंगवावं लागतं. सिनेमात घडी घालून ठेवलेलं नुसतं उलगडायचं असतं. त्यासाठी चिपमध्ये एक कोपरा राखीव असतो. इंटेलने २०११मध्ये तो 'क्विक सिंक' या नावाने आणला. प्रोसेसरच्या सातव्या पिढीपासून दहा बिटांचं एचईव्हीसी आणि अकराव्या पिढीपासून एव्ही-१ या घड्याही हा कोपरा एकटा उलगडतो. एन-१०० ही चिप अवघ्या ६ वॅटची, आपल्या जुन्या झीरोच्या बल्बपेक्षा काटकसरी. तिलाही हे जमतं. पाहायचं ते मदरबोर्डवरचं पोर्ट एचडीएमआय २.० आहे ना, एवढं. १.४ असेल तर फोर-के सेकंदाला ३० चित्रांवर अडतं. २४ चित्रांचा सिनेमा निभावतो, क्रिकेटचा चेंडू उड्या मारत जातो. आणि इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाला 'एफ'चं शेपूट असेल तर आत ग्राफिक्सच नसतं. तो स्वस्त मिळाला म्हणून खूश होणाऱ्याला कार्ड घ्यावंच लागतं. प्रोजेक्टरवर 'मॅडव्हीआर' नावाचं सॉफ्टवेअर चालवून एकेक सावली घासूनपुसून घेणारे भाविकही असतात. त्यांचं कार्ड मात्र खरंच घाम गाळतं.

भाच्याने वायर कार्डात खोचली. पैठणी होती तशीच दिसली. गेम मात्र झकास पळाला आणि तिन्ही पंखे असे घोंघावले, की आई उठून कुकरखालचा गॅस बारीक करून आली.

भाचा गेला त्या रात्री वायर परत मदरबोर्डात गेली. पाहुणे आले की मी कॅबिनेटची काच त्यांच्याकडे वळवतो आणि दिवे लावतो. काकांना अजून काही सांगितलेलं नाही. परवा त्यांनीही तसंच कार्ड घेतलं. जोडायला तोच दुकानातला पोरगा आला होता.