गडवाला दादा

शिवडी-परळ-लालबाग पट्ट्यात चार-दोन मंडळांमागे एक तरी गडवाला दादा सापडतोच. वय पन्नाशीच्या आसपास, नोकरी कुठली का असेना. एका दिवसाची गडसहल काढणे हे त्याचे खरे काम. त्यासाठी रविवार पुरतो. बाकीचे सहा दिवस तो वर्गणीसाठी फोन करतो.

गळ्यातल्या शिट्टीवरून तो ओळखावा. पहाटे साडेपाचला शिवडी नाक्यावर मिनीबस उभी करून तो वहीतल्या नावांपुढे खुणा करतो. बस सुटते सव्वासहाला. साडेपाच ही वेळ सांगण्यापुरती असते. घाटाआधी उलटीची गोळी आणि आवळासुपारी प्रत्येकाच्या हातावर पडते, नको म्हणणाऱ्याच्याही.

स्वतः शिवडीच्या किल्ल्याबद्दल दादा फारसे बोलत नाही. तो १६८० साली इंग्रजांनी बांधला, आणि त्याला म्हणावा असा चढच नाही. १६८९ मध्ये सिद्दी याकूतखान इथे उतरला आणि इंग्रजांची तारांबळ उडाली, एवढे मात्र तो आवडीने सांगतो.

नवख्यांना तो लोहगडावर नेतो, कारण लोहगडवाडीपर्यंत गाडी जाते आणि पुढे पायऱ्या आहेत. चार दरवाजे ही आणखी मोठी सोय. दम लागला असे कबूल करणे दादाच्या शिस्तीत बसत नाही, म्हणून प्रत्येक दरवाजात इतिहास थांबतो. गणेश दरवाजात १६६५ चा पुरंदरचा तह: महाराजांनी मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांत लोहगडही होता. नारायण दरवाजात १६७०, गड परत स्वराज्यात. हनुमान दरवाजात नाना फडणवीस, त्यांचा खजिना आणि वरची सोळाकोनी बाव. हे व्याख्यान सर्वांत लांबते, कारण इथे खुद्द दादाचे गुडघे बोलू लागलेले असतात. महादरवाजात १८१८ दोन वाक्यांत उरकते: विसापूर पडला आणि लोहगड फारसा न लढता गेला. तोवर मंडळींचे लक्ष ताक विकणाऱ्या मावशींकडे गेलेले असते.

‘अजून किती?’ या प्रश्नाला त्याचे उत्तर ठरलेले: ‘हे काय, वीस मिनिटं.’ पायथ्यापासून विंचूकाट्याच्या टोकापर्यंत या आकड्यात बदल होत नाही. जुलै २०२५ मध्ये लोहगडासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्यापासून दादाचा आवाज चढला आहे, आणि वर्गणीही.

उतरल्यावर वाडीत पिठले-भाकरी आणि ठेचा. तिसरी भाकरी मागणाऱ्याला दादा ‘मावळा’ म्हणतो. सकाळी मागे राहिलेल्याचे नाव त्याच्या लक्षात असते, पण ते तो घेत नाही. हा त्याचा मोठेपणा खराच.

पुढच्या सहलीची आगाऊ रक्कम परतीच्या वाटेवर, लोणावळा मागे पडायच्या आत गोळा होते. पाय दुखू लागतात ते सोमवारी, आणि त्यानंतर कोणी पैसे देत नाही.