मेनूकार्ड मागू नये

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात राजवाड्यांची हॉटेलं व्हायची पद्धत नाही. जुन्या वास्तूत जेवायची हौसच असेल, तर एखादं सरकारी विश्रामगृह गाठायचं. तिथला खानसामा 'काय खाणार?' असं विचारत नाही. 'माणसं किती?' एवढंच विचारतो, तेही सकाळी फोनवर, तुम्ही घाटाला लागायच्या आत. पुढे रेंज नसते.

आमचे मुंबईचे दाजी नुकतेच उदयपूरच्या कुठल्याशा महालात जेवून आले होते. तिथे चांदीच्या वाटीत चार चमचे डाळ आणि ताटभर इतिहास वाढतात म्हणे. मी त्यांना तोरणमाळला नेलं. शहाद्याहून वर, सातपुड्यात साडेतीन हजार फुटांच्याही वर. डिसेंबरात यशवंत तलावावरून वारा सुटला की भल्याभल्यांचा इतिहासाचा उत्साह स्वेटरात शिरतो. कौलारू बंगल्याच्या व्हरांड्यात बसून दाजींनी मेनूकार्ड मागितलं. खानसामा आबा क्षणभर थांबले, आत गेले आणि भिंतीवरची 'विश्रामगृहाचे नियम' ही पाटीच काढून घेऊन आले. दाजींनी ती शेवटपर्यंत वाचली.

डाक बंगल्यातल्या जेवणाला परंपरा आहे, असं मी त्यांना सांगितलं. घोड्यावरचा साहेब लांबून दिसला की खानसामा कोंबडीमागे धावायचा, आणि साहेबाचे बूट निघेपर्यंत ती ताटात यायची. साहेबलोक या पदार्थाला 'सडन डेथ' म्हणत. १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशात तशी नोंदच आहे. दाजी खूश झाले. आबांनीही परंपरा पाळायचं मनावर घेतलं. पण १८८६नंतर कोंबड्या शहाण्या झाल्या असाव्यात. आबा पुढे, त्यांचा पोरगा मागे, आणि कोंबडा आधी कौलांवर, मग आमच्या गाडीच्या टपावर, शेवटी जंगल खात्याच्या हद्दीत. "तठे शिकारले बंदी शे," आबा धापा टाकत म्हणाले. "भरीत चालस ना?"

चालणारच. हिरवी वांगी तुराट्यांच्या जाळावर पार काळी होईस्तोवर भाजली. साल काढून गर लाकडी बडजीत टाकला; हिरव्या मिरच्या, लसूण घालून आबा तो असा ठेचत होते की कोंबड्यावरचा राग नेमका कुठे निघतोय ते कळावं. वरून कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारी-उडीद एकत्र दळलेली, तव्यावरून थेट ताटात. नंदुरबारच्या बाजारातून मिरची देशभर जाते. जी कुठेच पाठवायला धजत नाहीत, ती बहुधा आबांकडे येते. पहिल्या घासाला दाजी 'वा' म्हणाले. दुसऱ्याला काहीच म्हणाले नाहीत. तिसऱ्याला स्वेटर काढला. तेवढ्यात वीज गेली, आणि अंधारातून आवाज आला, "आबा, अजून अर्धी भाकरी." अशा तीन अर्ध्या झाल्या.

सकाळी वहीच्या कागदावर हिशेब आला. वांगी, पीठ, तेल, सरपण, मेणबत्त्या दोन, माचिस एक. शेवटची ओळ : 'कोंबडा पकडणे (सापडला नाही) – ५० रु.'

माझा वाद घालायचा विचार होता, पण दाजींनी पाकीट काढलं. तो सगळा खेळ त्यांनी वेताच्या खुर्चीत बसून, चहा पीत पाहिला होता. उदयपूरला कठपुतळ्यांचे याच्या दसपट पडले होते, आणि त्या काही कौलांवर चढल्या नव्हत्या.