पहिली शाल रद्दीवाल्याला

कॉमिक्सला प्रतिष्ठा मिळाली, याबद्दल आता दुमत नाही. २०१९ च्या ऑस्करला कॉमिक्समधून पडद्यावर आलेला ‘ब्लॅक पँथर’ सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीत जाऊन बसला. पुढच्याच वर्षी ‘जोकर’ ११ नामांकनं घेऊन आला. १९९६ साली दिवाळखोरीत निघालेली मार्व्हल ही कॉमिक्स कंपनी डिस्नेने २००९ मध्ये सुमारे ४०० कोटी डॉलर मोजून घरात आणली. तेव्हा जाहीर सत्कार व्हायलाच हवा. फक्त शाल कुणाच्या खांद्यावर घालायची, एवढं ठरवायचं आहे.

आमच्या मते पहिला मान रद्दीवाल्याचा. सुपरमॅनचा अवतार झाला तो ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक १९३८ मध्ये १० सेंटला मिळायचा. २०२४ मध्ये त्याची एक प्रत ६० लाख डॉलरला गेली. हा भाव सुपरमॅन उडतो म्हणून आलेला नाही. प्रती छापल्या होत्या दोन लाखांच्या घरात, उरल्या जेमतेम शंभरेक, असा जाणकारांचा अंदाज आहे. बाकीच्या वाचून वाचून फाटल्या, आयांनी आवराआवरीत फेकल्या, नाहीतर महायुद्धात घरोघरी कागद गोळा करणाऱ्या पोरांनी लगद्याला धाडल्या. सुपरमॅन देशाच्या कामी आला तो असा.

कॅलिफोर्नियातल्या एका आईने मात्र आपले अंक माळ्यावर जपून ठेवले. तिच्या मागे मुलांना त्यात ‘सुपरमॅन’चा पहिला अंक सापडला आणि २०२५ मध्ये त्याला ९० लाखांहून जास्त डॉलर आले. सगळ्याच आया अशा निघाल्या असत्या तर केवढा भाव पडला असता!

आपल्या आयांनी ती चूक केली नाही. १९६४ मध्ये टाइम्सवाल्यांनी इंद्रजाल कॉमिक्स काढलं, त्यातला नायक वेताळ मराठीत बोलू लागला आणि गणिताच्या पुस्तकाआड राहू लागला. १९९० मध्ये दुकान बंद झालं. आज पन्नाशीपार गेलेले सद्गृहस्थ जुन्या अंकांची किंमत ऐकून आधी आईला फोन लावतात. आई शांतपणे सांगते, त्याची चहाची गाळणी आली.

दुसरी शाल समाजधुरीणांना. १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावी शाळकरी मुलांकडूनच कॉमिक्सची होळी करवण्यात आली. १९५४ मध्ये डॉ. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञांनी पोरं बिघडण्याचं खापर कॉमिक्सवर फोडणारं पुस्तक लिहिलं, सिनेटच्या समितीने सुनावण्या घेतल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी आपणहून आचारसंहिता गळ्यात बांधून घेतली. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही, असं तिच्यात कलम होतं. ही संहिता २०११ मध्ये पार निकालात निघाली. आपल्याकडच्या काही खात्यांनी ती मागवून घेतली असती, पण कळेपर्यंत उशीर झाला असावा.

तिसरी शाल प्लॅस्टिकला. महागडा अंक हल्ली तज्ज्ञांकडून दहापैकी गुण लावून घेतात आणि कडक पारदर्शक डबीत कायमचा सीलबंद करतात. डबी उघडली की गुण गेले. सोवळ्यातल्या देवासारखं लांबूनच दर्शन घ्यायचं. आत खलनायक जिंकला की हरला, हे मालकालाही ठाऊक नसतं. आणि खरं सांगायचं तर विचारतंय कोण?

उरले ते दोघे. क्लीव्हलंडचे जेरी सीगल आणि जो शुस्टर या पोरांनी सुपरमॅन घडवला आणि त्याचे सगळे हक्क प्रकाशक कंपनीला १३० डॉलरला विकले. पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या, त्यांची नावंही अंकावरून गेली. १९७५ मध्ये सुपरमॅनच्या भव्य सिनेमाची तयारी चालू असताना बरीच ओरड झाली, तेव्हा कंपनीने वर्षाला २० हजार डॉलर पेन्शन बांधून दिलं आणि नावंही परत छापायचं कबूल केलं. ते १३० डॉलर ज्यात होते, तो ४१२ डॉलरचा जुना चेक २०१२ मध्ये लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला गेला. तोवर दोघेही वारले होते. चेकवर दोघांचीही नावं चुकीची लिहिलेली होती, म्हणून मागे दोन-दोन सह्या कराव्या लागल्या होत्या. चौथी शाल शिल्लक राहिलीच, तर संयोजकांनी मानपत्रावरची नावं तेवढी तपासून घ्यावीत.